'कुटुंबवत्सल' या शब्दापाशी अडलेल्या मुलीला

ताई, नमस्कार.

माझे वडील जाऊन या महिनाअखेरीस वर्ष होईल. आम्ही सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्याकडचे. वडील १९६६ साली, अठराव्या वर्षी, मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत होते. पंधरा वर्षं भरल्यावर हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. फौजेत असतानाच त्यांनी बाहेरून बी.ए. केलं होतं. आल्यावर बी.एड. केलं आणि १९८३ पासून २००६ पर्यंत गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवला. पंचक्रोशीत त्यांना सगळे 'मिल्ट्री सर' म्हणायचे.

त्यांचे माजी विद्यार्थी शाळेत प्रथम पुण्यस्मरणाचा कार्यक्रम करताहेत. स्मरणिका निघणार आहे. त्यात माझा लेख हवा आहे, आणि सभेत बोलायचंही आहे. परवा फ्लेक्सचा नमुना व्हॉट्सॲपवर आला: 'आदर्श शिक्षक, वीर योद्धा, कुटुंबवत्सल पिता'. तिसऱ्या शब्दावर मी अडले ती अडलेच.

बाबा आमच्याशी मोजकं बोलायचे. रोज संध्याकाळी ओसरीवर पंधरा-वीस मुलं अभ्यासाला बसायची. आई त्यांच्यासाठी चहाचं आधण टाकायची आणि आम्ही दोघं भावंडं आत गप्प बसून असायचो. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबा दुसऱ्याच एका मुलाचा दाखला काढायला तालुक्याला गेले होते. भावाला लेखात लढाईचे प्रसंग हवेत. बाबांनी ते कधीच सांगितले नाहीत, म्हणून तो इंटरनेटवर शोधतोय. आईला विचारलं तर म्हणते, "लिही काहीतरी चांगलं."

विद्यार्थी येऊन रडतात. मला रडू येत नाही. खरं लिहिलं तर त्यांचा अपमान होईल, फ्लेक्ससारखं लिहिलं तर मी खोटी ठरेन. काय लिहू?

ता. क. अकरावीला मला साताऱ्याच्या वसतिगृहात सोडताना बाबांनी त्यांची फौजेतली काळी ट्रंक दिली होती. तिच्यावरचं स्वतःचं नाव आणि नंबर घरीच काळ्या रंगाने बुजवून त्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव आणि खोली क्रमांक लिहिला होता. ती अजून माझ्याकडे आहे. हे सांगायचं खास कारण नाही, लिहिता लिहिता आठवलं.

— एक मुलगी, पुणे

---

नमस्कार.

तुमची ता. क. मी तीन वेळा वाचली. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का, मला माहीत नाही. ट्रंक घरी रंगवली आणि तिच्यावर खोली क्रमांक होता. म्हणजे तुम्हाला सोडायला जाण्याआधीच तो क्रमांक बाबांना ठाऊक होता. त्या काळात गावात बसून वसतिगृहातल्या खोलीचा नंबर कळायची सोय नव्हती. एक तर ते आधी एकदा एसटीने साताऱ्याला जाऊन, खोली बघून आले असणार, नाहीतर कुणाकडून तरी विचारून घेतला असणार. आईंना हे विचारा. तुमचा लेख इथून सुरू होतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. "त्यांचं तुमच्यावर प्रेम होतंच हो, फक्त दाखवता येत नव्हतं," हे वाक्य वर्षभरात तुम्हाला पन्नास जणांनी ऐकवलं असेल. मी ते म्हणणार नाही. त्यांच्या मनात काय होतं हे मला कळायला मार्ग नाही, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी घरात एकट्या पडलेल्या मुलीला अशा वाक्याने काही मिळत नाही. मला इतकंच दिसतंय की एका माणसाने पंधरा वर्षं मिरवलेला आपला नंबर काळ्या रंगाने बुजवला आणि त्याच जागी मुलीचं नाव लिहिलं. फौजी माणसाला त्याचा नंबर म्हणजे काय असतो, हे कुठल्याही माजी सैनिकाला विचारा. ऐंशीव्या वर्षी गावातल्यांची नावं विसरतील, नंबर एका दमात म्हणून दाखवतील. तर लेखात हेच लिहा. ट्रंक किती लांब होती, रंगाचे ओघळ कुठे आलेत, अक्षरं कशी आहेत, उजेडात तिरकं धरलं की खालचा नंबर अजून दिसतो का. हे त्यांनी प्रेमाने केलं की शिस्तीने, हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. वाचणारे काय ते ठरवतील.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचाच विस्तार आहे. वडील कसे होते ते लिहू नका. त्यांनी काय केलं ते लिहा, आणि जे तुम्ही स्वतः पाहिलं किंवा पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलं तेवढंच लिहा. 'आदर्श', 'वीर', 'वत्सल' हे शब्द कुणाच्याही फ्लेक्सवर चालतात, म्हणून ते तुमच्या बाबांचे होत नाहीत. तुम्ही अडलात ते बरोबर जागी अडलात.

माझ्या एका शिक्षकांच्या शोकसभेला मी गेले होते, त्याला बरीच वर्षं झाली. अकरा भाषणं झाली. ज्ञानाचा सागर झाला, वटवृक्ष झाला, दीपस्तंभ झाला. त्यातलं एकही भाषण मला आज आठवत नाही. शेवटी शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींना कुणीतरी आग्रहाने माइकपाशी आणलं. त्या म्हणाल्या, "सर रोज सकाळी पहिल्यांदा पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बघायचे. एकदा चिमणी मरून पडली होती, तेव्हापास्नं." एवढं बोलून त्या खाली बसल्या. मला ते सर त्या टाकीवर वाकलेले अजून दिसतात. सहा वर्षं त्यांच्या वर्गात बसून मी ते झाकण कधी पाहिलं नव्हतं.

तुमच्याकडे येऊन रडणारे विद्यार्थी आहेत, त्यांच्यापाशी असं काही ना काही असणारच. "सरांबद्दल दोन शब्द लिहून द्या" असं सांगितलंत तर पुन्हा सागर आणि दीपस्तंभच येतील. त्यांना नेमका प्रश्न विचारा. सरांचा एक तास सांगा, त्या दिवशी टेबलावर काय होतं? सरांनी तुम्हाला एकदा काय दिलं, किंवा काय काढून घेतलं? भूगोलाचा शिक्षक, तोही फौजेतला, म्हणजे नकाशा आलाच. फौजेत नकाशावाचन नुसतं वाचून भागत नाही, त्याची परीक्षा असते, आणि रात्री होकायंत्र धरून, पावलं मोजत ठरलेल्या जागी पोचावं लागतं. तिथे शिकलेला माणूस समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कशा शिकवत असेल? अर्धा बटाटा पालथा ठेवायचा, त्याच्या आडव्या चकत्या करायच्या, आणि एकेक चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. झाला डोंगराचा नकाशा. हा जुना धडा आहे, नकाशावाचनाच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तुमचे बाबा हे करायचे की नाही ते मी सांगू शकत नाही. पण ओसरीवरच्या त्या पंधरा-वीस मुलांपैकी एकाला तरी सरांचा बटाटा, काठी नाहीतर घड्याळाच्या काट्यावरून दिशा काढणं आठवत असेल. ते एक मिळालं की तुमचं अर्धं काम झालं.

इथेच भावाच्या आणि विद्यार्थ्यांच्या वादाचाही निकाल लागतो. एकाला सैनिक हवाय, दुसऱ्याला शिक्षक. आपल्या फौजेत शिक्षण कोअर आहे. जवानांना लिहायला-वाचायला, नकाशा समजायला शिकवणारे हवालदार असतात, आणि बढतीसाठी शिक्षणाचे दाखले लागतात. पलटणीत राहून, ड्यूटी सांभाळून बाहेरून बी.ए. होणं ही साधी गोष्ट नाही. तुमचे बाबा बहुधा फौजेतच मास्तर व्हायला लागले होते. त्यांच्या वेळचे पलटणीतले कुणी हयात असतील तर भावाला इंटरनेट सोडून त्यांच्याकडे पाठवा. साताऱ्यात अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावातले ४६ जण कामी आले, ते अपशिंगे आपल्याच जिल्ह्यातलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर जुन्या जंगी पलटणवाल्यांचा माग लागेल.

लढाईबद्दल भावाला माझ्या वतीने सांगा. पलटणीची हकिकत जगजाहीर आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर १ मराठा ब्रह्मपुत्रा ओलांडून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पिछाडीला जाऊन बसली. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार तिचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी तुकडीच्या प्रमुखाला शरण या म्हणून पत्र धाडलं, तर उत्तरात कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री ती तुकडी वेढा फोडायला बाहेर पडली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर आदळली. ११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलजवळ २ पॅरा या आपल्या छत्रीधारी पलटणीच्या छत्र्या उतरल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मराठ्यांची माणसं त्यांना जाऊन मिळाली.

हे सगळं पलटणीचं आहे. तेवीस वर्षांचा तुमचा बाप त्या रात्री कुठल्या खंदकात होता, त्याने काय पाहिलं, हे तो सांगून गेलेला नाही. भावाने तिथे एखादा प्रसंग घुसडला तर ऐकणाऱ्यांत बसलेला पहिला म्हातारा फौजी ते ओळखेल, आणि तुमच्या बाबांच्या चांगल्या नावाला उगाच बट्टा लागेल. तेव्हा सरळ लिहा: "बाबा त्या पलटणीत होते. त्या रात्रीबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत." बाबांचं गप्प राहणंही त्यांचंच होतं. ते आपल्या सोयीने भरून काढायचा हक्क आपल्याला नाही. जे कागदावर आहे ते मात्र नीट उतरवून घ्या. डिस्चार्ज बुक काढा. त्यात भरतीची तारीख, हुद्दा, कुठल्या परीक्षा दिल्या, कुठली मेडल मिळाली, सगळं असतं. पूर्व आघाडीचं 'पूर्वी स्टार' हे मेडल असेल, संग्राम मेडल असेल. गोल मेडलांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ते भिंगातून वाचा. ट्रंकेवर बुजवलेला नंबर तिथे सापडेल.

आता आईंकडे वळू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात कमी जागा त्यांना मिळाली आहे. "लिही काहीतरी चांगलं" म्हणणाऱ्या बाईला कुणी नीट विचारलेलंच नसतं. बाबा कसे होते, असं विचारलंत की त्या पुन्हा तेच म्हणतील. दुपारी निवांत, शेंगा निवडताना नाहीतर भाजी चिरताना शेजारी बसा आणि लहान लहान विचारा. पहिल्या रजेवर आले तेव्हा एसटी स्टँडवर कोण गेलं होतं? मनीऑर्डर किती तारखेला यायची? पोस्टमन पैसे कुणाच्या हातात द्यायचा, सासऱ्यांच्या की तुझ्या? पत्रं ठेवलीयेस का? फौजेच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. पूर्वेकडे असतील तर 'मार्फत ९९ एपीओ', दुसरीकडे असतील तर '५६ एपीओ'; एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. ते दोन आकडे आणि तीन अक्षरं यापलीकडे नवरा कुठे आहे हे बायकोला ठाऊक नसायचं. आसाम म्हणा, नागालँड म्हणा, सगळं एकाच आकड्यात. त्यांचं लग्न लढाईच्या आधीचं की नंतरचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण नंतरचं असलं तरी असे आकडे बघत त्यांनी काही वर्षं काढलीच असणार.

आणि पुढची तेवीस वर्षं रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोरांचा चहा. साखर कुणाच्या घरची होती? दूध कुठून यायचं? कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आपल्या जिल्ह्यात घराघरात आहे. त्यांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही, हे साताऱ्यातली शाळकरी पोरंही जाणतात. कर्मवीरांचा मोठेपणा त्यामुळे उणावला नाही. उलट त्या मंगळसूत्राशिवाय त्यांची गोष्ट कुणाला सांगताच येत नाही. तुमच्या आईंच्या पातेल्याशिवाय तुमच्या बाबांची गोष्टही सांगता येणार नाही. तुमचा लेख वाचून एखाद्या विद्यार्थ्याने सरांच्या फोटोला हार घालण्याआधी बाईंच्या पाया पडावं, असं मला मनापासून वाटतं. तो चहा कुणाला पैसे देऊन मिळाला नव्हता.

आणि तुम्ही दोघं? आत गप्प बसून दिलेल्या त्या संध्याकाळीही त्याच हिशेबात येतात. ओसरीवरच्या मुलांना जे मिळालं, त्यात तुमच्या वाट्याचं थोडं गेलं होतं. हे म्हणायला घाबरू नका. 'खरं लिहिलं तर अपमान होईल' असं तुम्ही म्हणता. कसं लिहिता यावर ते आहे. "बाबांना आमच्यासाठी कधी वेळ नव्हता," हा ठपका झाला आणि ऐकणारे अवघडून खाली बघतील. "माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबा एका मुलाचा दाखला काढायला तालुक्याला गेले होते. संध्याकाळच्या गाडीने आले तेव्हा पेढे संपले होते," ही घडलेली गोष्ट झाली. (पेढ्यांचं मी माझ्या पदरचं घातलं. तुमच्याकडे जे खरं घडलं असेल ते घाला.) आवाज न चढवता वाचा आणि पुढच्या परिच्छेदाकडे जा. त्यावर "पण" म्हणून लगेच सारवासारव करू नका. तो दाखला मिळालेला मुलगा त्या दिवशी हॉलमध्ये बसलेला असण्याची दाट शक्यता आहे. आज तो पन्नाशीला टेकला असेल. आपल्याला मिळालेल्या कागदाची किंमत कुणाच्या घरात मोजली गेली, हे त्याला पहिल्यांदाच कळेल. सरांबद्दलचा त्याचा आदर त्याने कमी होईल असं मला वाटत नाही.

एकच पथ्य पाळा. असं प्रत्येक वाक्य आधी आईंना वाचून दाखवा. त्यांनी मान हलवली तर ठेवा. "हे नको गं" म्हणाल्या तर काढा, का म्हणून विचारू नका. त्या माणसाबरोबर पन्नासेक वर्षं काढली आहेत त्यांनी.

रडू येत नाही याचा धसका घेऊ नका. विद्यार्थ्यांचे सर गेले, ते दोन-तीन वर्षं रोज समोर उभे राहून मन लावून शिकवणारे सर. त्यांचं दुःख सरळ आहे. तुमचे बाबा गेले, आणि त्यांच्याबरोबर पुढेमागे कधीतरी निवांत बसून बोलू ही आशाही गेली. ही दोन दुःखं सारखी नाहीत, ती एकाच वेळी डोळ्यांतून येतील असं कुणी सांगितलंय? लेख लिहिताना कुठेतरी येईल. नाही आलं तरी त्यावरून तुम्ही कोरड्या ठरत नाही.

थोडं व्यवहाराचं. सभेत सात मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. हातात लिहिलेला कागद ठेवा आणि तोच वाचा, माइकपुढे उत्स्फूर्त बोलायला गेलं की तोंडात पुन्हा फ्लेक्सचे शब्द येतात. स्मरणिकेतला लेख थोडा लांब चालेल. विचारलेलं नाहीत तरी विचारते: आईंचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं का? बाबांना फौजेचं आणि शाळेचं, अशी दोन पेन्शनं असणार. दोन्हीकडे कळवलंय का, ते बघा. फौजेच्या बाजूचं काही अडलं असेल तर वर म्हटलेल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच वाट सापडेल. वर्ष होत आलं तरी एका बाजूचे कागद तसेच पडलेली घरं मी पाहिली आहेत, कारण दुःखात फाइल कुणी उघडायची, हा प्रश्न असतो.

फ्लेक्सचं म्हणाल, तर छापायला जाण्याआधी विद्यार्थ्यांना फोन करा. मुलं प्रेमाने करताहेत, रागावू नका. तिन्ही विशेषणं काढून तिथे साधा मजकूर द्या: बाबांचं नाव, खाली 'हवालदार, १ मराठा लाइट इन्फंट्री, १९६६ ते १९८१', त्याखाली 'भूगोल शिक्षक, १९८३ ते २००६'. आणि 'निमंत्रक' म्हणून विद्यार्थ्यांच्या नावांच्या वर आईंचं नाव. मुलं ऐकतील. मिल्ट्री सरांची मुलं आहेत.

ट्रंक पुण्याहून गावी घेऊन जा. गाडीच्या मागच्या सीटवर मावेल. आत गोधड्या-ब्लँकेटं असतील तर तशीच राहू देत. हॉलमध्ये बाबांच्या फोटोच्या टेबलाशेजारी, तुमचं नाव समोर येईल अशी जमिनीवर ठेवा. जाण्याआधी पुसाल तेव्हा ओलं फडकं वापरू नका, तेवढा रंग राहिलाय तो जायचा.